मशीन मात्र एकच

...आणि वर मलाच विचारतात, "सहादेवशेठ, आता किती कॉम्प्युटर झाले हो तुमच्याकडं?" काय सांगू? आकडा सांगितला तर खोटं, खरं सांगितलं तर धंदा बंद! बसा, बसा, चहा येतोय. तुम्हाला सांगतो, केडगावात माझं पाइप आन पाण्याच्या मोटारीचं दुकान, शिक्षण सातवी, तीसुद्धा मास्तर कंटाळले म्हणून पास. मला कॉम्प्युटरशी काय घेणं? पण भाचा! आमच्या जयमालाचा प्रवीण, पुण्यात बरी नोकरी होती, दिवाळीला आला आन मी, माझी जीभ झडो, बोलून गेलो, "अरे, दुसऱ्याचं काय राबतोस, इथं ये, वरचा माळा रिकामाच आहे, कंपनी काढ!" आला की हो! नोकरी सोडून, गादी घेऊन! त्या दिवसापासून बहीण माझ्याशी बोलेनाशी झाली. राखी पाठवली, पण पोस्टानं. म्हणजे कंपनी बुडाली तर भाचा जाणार, आणि बहीण कायमची गेली, असा हिशोब.

आता कंपनी म्हटल्यावर मी विचारलं, सामान काय लागेल? म्हणतो, "एक चांगलं मशीन. सॉफ्टवेअर फुकट." फुकट! अहो, उभ्या जन्मात मी किंमत पाडल्याशिवाय खिळा घेतला नाही, आता फुकट म्हटल्यावर कमी काय करायला सांगू? ती सीडी पाहिली तर मासिकाच्या पानाला चिकटवून आलेली, लग्नपत्रिकेला अक्षता चिकटवतात तशी. म्हटलं, याचा मालक कोण? "कुणीच नाही मामा, जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय." मग बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या? हसतो! म्हणे कुणालाही घाला, ते दुरुस्त करून देतात. असली माणसं आपल्या मार्केट यार्डात का नाहीत हो?

तर पहिलं गिऱ्हाईक मीच आणलं. राहुरी रस्त्याला एक गाव आहे, नाव सांगत नाही, अजून गिऱ्हाईक आहे. तिथं भैरवनाथ दूध संस्था, चेअरमन रंभाजी. गावाचं दूध किती, फॅट किती, कुणाचं बिल किती, हे सगळं लिहून दुधाच्या टेम्पोत यायचं, प्रवीणनं कॉम्प्युटरवर घालायचं, बिलं छापून त्याच टेम्पोनं परत. झकास चाललं. तेवढ्यात त्याच गावातली दुसरी संस्था आली. नवी भैरवनाथ! चेअरमन भीमराज. रंभाजीचा सख्खा चुलतभाऊ. एका बांधावरून भांडले आन देवाचे दोन भैरवनाथ केले!

रंभाजी तरातरा आला. "शेठ, त्याचं दूध आन माझं दूध एका कॅनात वततो का आपून? मंग त्याचा हिशोब माझ्या कंपूटरात? जमनार न्हाई!" तासाभरानं भीमराज, तेच वाक्य, फक्त आवाज मोठा. दोघांना आपापला वेगळा कॉम्प्युटर पाहिजे. दुसरं मशीन घ्यायचं तर माझं अर्धं दुकान विकावं लागत होतं. प्रवीण म्हणाला, "मामा, काळजी नको. एका मशीनच्या आत दोन कॉम्प्युटर करतो. अमेरिकेत नुकतंच निघालंय." आणि केले हो पोरानं! म्हणजे कसं, बंगला एक, भाडेकरू दोन, मधे अशी भिंत की एकानं कांदा चिरला तर दुसऱ्याच्या डोळ्यात पाणी नाही. रंभाजीचं वेगळं, भीमराजचं वेगळं, नाव वेगळं, कुलूप वेगळं. मशीन मात्र एकच!

मी खूश. पण धंदा मला कळतो, प्रवीणला नाही. गिऱ्हाईक वर माळ्यावर आलं आन म्हणालं, "आमचा कंचा?" तर बोट कुठं दाखवायचं? हवेत? "चेअरमन, तुमचा कॉम्प्युटर ह्याच्या आत आहे, दिसत नाही पण आहे," हे देवाच्या बाबतीत चालतं, धंद्यात नाही! म्हणून मी दोन रिकामे डबे आणले. कॉम्प्युटरचेच, पत्र्याचे, आतून मोकळे. त्यात एकेक पंखा बसवला, घूं करायला, आणि पुढं मोटारीच्या स्टार्टरचे दिवे, लाल आन हिरवा. टेबलावर डबे, टेबलाखाली पडद्याआड खरं मशीन. झालं ना समाधान? छे! रंभाजीची तक्रार : "त्याला दोन दिवं आन मला एकच का?" अहो, एक उडाला होता! बसवला दुसरा. तर भीमराजनं तिसरा मागितला. सॉफ्टवेअर फुकट, कॉम्प्युटर हवेतला, आणि माझा सगळा खर्च गेला पत्र्यात, रंगात न् दिव्यात. बचतीला म्हणून निघालेली कंपनी ही! आणि मशीन मात्र एकच.

मग आली खंडेनवमी. हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस, मी मोटारी पुजत बसलो होतो, तर दोघंही चेअरमन झेंडूच्या माळा घेऊन हजर. आपापल्या डब्याची पूजा! रंभाजीनं हळद-कुंकू लावलं, भीमराजनं नारळ फोडला, त्याचं पाणी रंभाजीच्या डब्यावर उडालं, झालं! "मुद्दाम केलं!" "चल हट, तुझ्या कंपूटराला आंगुळ तरी घडली!" मी मधे पडतोय, "अहो भाऊ, सणाचा दिवस..." तर रंभाजीनं वायर उपटली, डबा माळेसकट काखेत मारला आन म्हणाला, "माझा कंपूटर मी गावाला नेतो! ह्याच्या शेजारी ऱ्हायला तर बाटंल!" प्रवीण पांढराफटक. कानात म्हणतो, "मामा, आत काही नाही त्याच्या!" म्हटलं, हळू बोल बाबा, काही नाही म्हणून तर आपलं काही गेलं नाही!

गेला डबा दुधाच्या टेम्पोत. दुसऱ्या दिवशी भीमराज आपला घेऊन गेला, मागं कसा राहील? आता कुणीतरी झाकण उघडणार, आपली अब्रू जाणार, प्रवीण पुण्याला, बहीण... झोप उडाली हो! पण टेम्पो येतोय, बिलं जातायत, कुणाचं काही म्हणणं नाही. आणि डिसेंबरात रंभाजीचा निरोप, "संस्थेची सभा हाय, शेठ, तुमीच या. कंपूटराबद्दल इचारायचंय."

संपलं म्हटलं. गेलो मी आन प्रवीण. पाहतो तर डबा टेबलावर, मखमली कापडाखाली, उदबत्ती लावलेली, आणि वायर? वायर गुंडाळून खुंटीला! मी हळूच विचारलं, चालू नाही करत? रंभाजी म्हणतो, "रोज चालवला तर झिजंल की. हा हितं बसून हिशोब करतो, तुमच्याकडं छापून निघतो. आन हा आल्यापासून फॅटवरनं भांडन न्हाई, कंपूटर म्हनतो म्हनलं की गाव गप!"

गाव गप, पण कडूबाई नाही. संस्थेला सगळ्यात जास्त दूध घालणारी म्हातारी. ती उठली, कापड बाजूला केलं आन डबा एका हातानं उचलला. अहो, एका हातानं! घागरीसारखा कमरेवर घेतला आन म्हणाली, "आगं बया, हलका हाय की! ह्यात हाय तरी काय?"

प्रवीण दाराकडं बघतोय, किती पावलं आहेत ते. तर रंभाजी खेकसला, "खाली ठेव त्यो! आगं, आत सॉफ्टवेअर हाय! सॉफ्टवेअरला वजन असतं व्हय?"

"व्हय, व्हय, न्हाईच असत," मागून चार जण.

मी जरा श्वास घेतो तोवर रंभाजी माझ्याकडं वळला. "आता शेठ, भैरवनाथाच्या अंगाऱ्यावर हात ठेवून सांगा. पेपरात येतंय, दोन हजार साल लागलं की जगातले समदे कंपूटर बंद पडनार. ह्याचं काय?"

तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांच्या धंद्यात मी गिऱ्हाइकापुढं इतकं खरं कधी बोललो नव्हतो. अंगाऱ्यावर हात ठेवला, छाती पुढं काढली आन म्हणालो, "मंडळी, देवाशपथ सांगतो, ह्या डब्यात बिघडण्यासारखं काहीही नाही!"

टाळ्या! रंभाजीच्या डोळ्यात पाणी! कडूबाई तेवढी जवळ आली, हळूच म्हणाली, "खरं बोललात हो शेठ. मी न्हाई कुनाला सांगत. माझ्या म्हशीच्या फॅटचं तेवढं बघा." फॅटला हात लावणार नाही म्हटलं, प्रवीणही अडून बसला. शेवटी तिच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग फुकट भरून दिलं. पुन्हा फुकट!

आणि बातमी पसरली ना! ज्या कॉम्प्युटरला दोन हजार सालाचं भय नाही, तोच पाहिजे, अशी आजूबाजूच्या संस्थांची रांग लागली. प्रवीण आत भिंती घालतोय, मी बाहेर डब्यांना दिवे बसवतोय. परवा जयमालाचा फोन आला, इतक्या महिन्यांनी. आवाज भरून आलेला. "दादा, माझं चुकलं रे. पोरानं नाव काढलं. किती कॉम्प्युटर झाले आता?"

काय सांगू? म्हटलं, जयमाला, माळ्यावर ठेवायला जागा नाही... डब्यांना. मशीन मात्र एकच!