गेटबाहेरची समिती

...नाही, मला आधी सांगा, शाळा सुधारायची तर माणसाला शाळेत शिरता आलं पाहिजे ना? की नको? तुम्हाला सांगतो, दिघीतल्या आमच्या शाळेनं मला सुधारणा समितीवर घेतलं! म्हणाले, तुम्ही चाकणला कंपनीत, तुम्हाला शिस्तीची सवय... आहे हो मला, पण मोशीच्या ट्रॅफिकला कुठंय? मीटिंग चारची, फर्स्ट शिफ्ट सुटते साडेतीनला, बस मोशीत अडकलेली, उतरलो, रिक्षा केली, धापा टाकत पोचतो तर गेट बंद! आतून भिवामामा, आमचा शिपाई, म्हणतो, "टाइम झाला सायेब." अहो मामा, मी समितीचा मेंबर! "व्हय, ठावं हाय की. पर चारला गेट बंद. शिस्त म्हंजे शिस्त!"

आणि मला मागायचं काय होतं? माझी दिव्या दहावीत. शाळेत प्रयोगशाळा आहे, चकाचक, परीक्षानळ्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या एका ओळीत... आणि दाराला कुलूप! का, तर पोरांनी हात लावला की फुटतं. पोरं खिडकीला नाक लावून विज्ञान शिकतात! हिला पुढं फार्मसीला जायचंय, आणि घरी मला विचारते, "पप्पा, लिंबाच्या रसात निळा लिटमस लाल होतो म्हणे. खरंच होतो का हो?" म्हटलं, हे मीटिंगमध्ये मांडायचंच!

पण सांगणार कुठं? पुढच्या मीटिंगलाही मी बाहेरच. बघतो तर भोसरीच्या पॅकिंग युनिटमधनं पळत आलेल्या कुसुमताई बाहेर, सगळी समितीच बाहेर, वडापावच्या गाड्यापाशी! आत एकट्या योगिनी मॅडम, आमच्या मुख्याध्यापिका, रिकाम्या खुर्च्यांसमोर. शेवटी त्या गेटपाशी आल्या. "पालकांनीच वेळ पाळली नाही तर मुलं काय शिकणार?" कुसुमताई म्हणाल्या, "मॅडम, आत यायला टाइम आहे, बाहेर यायला नाही ना? मग तुम्हीच या की!"

आणि आल्या हो मॅडम बाहेर! तोच मागे खाट्... भिवामामानं कुलूप लावलं! "भिवा, अरे मी आहे!" "व्हय मॅडम. पर चारनंतर कुनालाबी न्हाई, तुमीच सांगितलंय न्हवं? शिस्त म्हंजे शिस्त!"

मॅडम गजांना धरून आत बघत राहिल्या. मी धीर केला, म्हटलं, मॅडम, आमची पोरं प्रयोगशाळेकडं रोज अशीच बघतात. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं, आता दिव्याचा दाखलाच हातात! तर हळूच म्हणतात, "दर शनिवारी उघडू. फुटलं तर फुटलं. पालकांनीही या बघायला."

शनिवारी मी नाइट करून निघालो, झोप नाही, आनंदानं नुसता फुललेला! आणि बस... मोशीत! शनिवारची शाळा सकाळची, गेट आठलाच बंद; पोचलो नऊला, मी गजांना नाक लावून उभा. तेवढ्यात दिव्या धावत आली, गजांतनं हात बाहेर, हातात कागदाची ओली पट्टी, लालभडक! "पप्पा, होतो! खरंच होतो!" डोळे भरून आले हो माझे. म्हटलं, काही फुटलं का गं? "एक नळी." कुणी फोडली? "मॅडमनी!"

म्हटलं, मामा, आजच्या दिवस तरी सोडा की आत... भिवामामानं स्वतःचं स्टूल उचललं, गजांवरनं अलगद बाहेर दिलं आणि म्हणाला, "बसा सायेब. शिस्त म्हंजे शिस्त!"

बसलो. काय करता?