चेटकीण कझानला निघाली

किरगिझस्तानातल्या ओश शहराच्या पोस्टातली रांग काही पुढे सरकत नव्हती. जर्दाळूंचं पार्सल घेऊन उभ्या असलेल्या तेमिरकानच्या कानावर पुढच्या दोघी बायकांचं बोलणं आपोआपच पडत होतं. एक म्हातारी होती, दुसरी तिची शेजारीण.

“बुरुलाय आपा, हे पुस्तक तुम्ही लिहिलंत?”

“लिहिलं, आणि पदरमोड करून छापलंही. म्हातारीचं कोण छापणार? सात डोक्यांची चेटकीण आहे त्यात. तिला हरवणाऱ्या मुलीला नातीचं नाव दिलंय.”

“मग पोरगी वाचून नाचेल.”

“चित्रं बघेल. किरगिझ कुठे येतं तिला?”

“काय सांगता? तुम्ही तर शाळेत किरगिझच शिकवायचात.”

“तीस वर्षं. आणि घरी मुलाला बजावलं, पोरीशी रशियनच बोल, पुढे जाईल. गेली. थेट रशियात, कझानला.”

“मग रशियनमध्येच लिहायचंत.”

“रशियनमध्ये मला बाजारहाट जमतो गं, चेटकीण नाही जमत.”

“फोनवर वाचून दाखवा. आवाजावरून कळतं मुलांना.”

“दाखवलं की. चेटकिणीचा आवाज काढून अख्खा पहिला भाग वाचला. निमूट ऐकलं बिचारीनं. मग आईला हळूच विचारते, आजी माझ्यावर रागावलीय का?”

तेमिरकाननं पार्सल या हातातून त्या हातात घेतलं.

“पुढे या, आजी,” खिडकीतली मुलगी म्हणाली. “आत काय आहे? फॉर्मवर लिहावं लागतं.”

“लिही,” बुरुलाय आपा म्हणाल्या. “चित्रं.”