खिडकीपाशी ठेवलेला चहा

मी मूळची करमाडच्या शिवारातली, वस्तीवरची. नाव गयाबाई, पण दवाखान्यात सगळे मावशीच म्हणतात, डॉक्टरसाहेब बी मावशीच म्हणतात. ताई, तुम्ही लिहून घेताय तर घ्या, पण आधी माझ्या आजीचं लिहा, कारण सगळं तिथनंच सुरू झालं. मी आठ-नऊ वर्षांची आसंल, आजी गोठ्यात घसरली, पडली ती पडलीच. पाय आखूड झाला, पंजा भाईर वळला. हाडवैद्य आला, त्यानं कामट्या बांधल्या, पाला लावला, म्हणला पडून ऱ्हाऊ द्या. आजी पडून ऱ्हायली. पाठीला जखमा झाल्या, वास यायला लागला, मग लोक दारातनंच इचारून जायला लागले. म्हातारीचा खुबा मोडला म्हंजी म्हातारी गेलीच असं धरून चालायचे तवा, कुणी वाईट नव्हतं, कुणाला काय ठावूकच नव्हतं. आजी मला म्हणायची, गया, मला एकडाव खिडकीपर्यंत ने गं, शेत बघू दे. मी एवढीशी, मी कुठली नेणार. ती खिडकी तिला काय परत दिसली नाय.

लग्न होऊन पडेगावला आले. मालक कारखान्याच्या गेटवर व्हते, तो कारखाना बंद पडला, तवा मी शहरात हाडांच्या दवाखान्यात आया म्हणून लागले. आन तिथंच माझं आन सासूबाईचं बिनसलं. आत्याबाई म्हणते मी त्यांला, आमच्यात तसंच म्हणतात. आत्याबाई म्हणल्या, लोकांचं हागणं-मुतणं उचलून आलीस की न्हाणीत डोक्यावरनं पाणी घ्यायचं, मग घरात पाय टाकायचा. मी म्हणलं बरं. पण तेवढ्यावर भागलं नाय. माझ्या हातचं पाणी बंद, भाकर बंद, चहा बंद. धाकटी जाऊ करायची त्यांचं सगळं. एक दिवस नाय, दोन दिवस नाय, ताई, वीस वर्षं. मला राग नव्हता आला असं नाय, लई आलता. पण भांडायला यळ कुठं व्हता, सकाळी सातला ड्यूटी.

कामाचं सांगते. हे बगा, तरण्या माणसाचं हाड आसंल तर स्क्रू धरून ऱ्हातो. म्हाताऱ्या माणसाचं हाड आतनं पोकळ झालेलं आसतं. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला एक्स-रे दाखवून समजून सांगितलं, मावशी, हे बघा, इथं स्क्रू मारला तर नुसता फिरत ऱ्हाईल. मी म्हणलं कळलं साहेब, भुसभुशीत मातीत खुंटा ठोकला की बैल एका हिसक्यात उपटतोय, तसंच. साहेब हसले, म्हणले आता हे मीच लोकांना सांगत जाईन. म्हणून खुब्याच्या गोळ्याखालची मान मोडली की गोळाच काढतात, धातूचा बसवतात, हाड लईच पोकळ आसंल तर सिमेंट भरतात. त्याच्याबी खाली मोडलं तर हाडाच्या पोकळीतनं सळई घालतात. आन लवकर करतात, दोन दिवसांत, कारण पडून ऱ्हायलं की छातीत कफ भरतो, पाठ सडते, माणूस हाडानं नाय मरत, पडून ऱ्हाण्यानं मरतं. मला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

साहेबांचं काम झालं की दुसऱ्या दिवशी माझं काम सुरू. उभं करायचं. व्यायामाच्या मॅडम येतात, वॉकर देतात, लई चांगल्या शिकवतात, पण म्हातारी माणसं भितात. उभं ऱ्हा म्हणलं की पलंगाची दांडी आवळून धरतात. मग मी काय करते, चहा आणते, आलं घालून, आन पलंगाशी देतच नाय. चार पावलांवर खिडकी हाय, तिथं कप ठेवते, म्हणते माय, चहा तिथं हाय, निवायला लागला. मी आन मॅडम दोन बाजूनं धरून असतोच. चहासाठी माणूस उठतं ताई. शहागंजची एक खाला व्हती, दोन पोरं तिला समजावून थकली, ती माझ्या चहासाठी उठली, खिडकीशी टेकून म्हणली, तेरे हात में बरकत है गे. आता कुणी हटून बसलं की साहेबच म्हणतात, मावशीला बोलवा, चहा मांडायला सांगा. खोटं कशाला बोलू, मला याचा लई गर्व हाय. ऑपरेशन साहेबांचं, पण पहिलं पाऊल माझं.

मग एक दिवस आत्याबाई पडल्या. ओट्यावरनं उतरताना, एवढंच. मी बघितलं, पाय आखूड, पंजा भाईर.  पडेगाव नव्हतं ते, आजीचा गोठाच दिसला मला. दीर म्हणला, या वयात चिरफाड कशाला, गावाकडं हाडवैद्य हाय, पडून ऱ्हातील. मालक खाली मान घालून बसले. मी सासरच्या माणसांत कधी मोठ्यानं बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हणलं, भाऊजी, पडून ऱ्हाणं काय आसतं ते मी बघितलंय, मी त्यांला तसं मरू देणार नाय.

दवाखान्यात आणलं. साहेबांनी सगळं खरं सांगितलं, हाड लई ठिसूळ हाय, वय हाय, धोका हाय, पण नाय केलं तर जास्ती धोका हाय. मग त्यांनी आत्याबाईलाच इचारलं, आजी, वय किती. आत्याबाई म्हणल्या, वय कुणी लिवलंय, निजाम गेला ती पोलीस ॲक्शन झाली तवा मी चालायला लागले व्हते, माझी माय सांगायची. साहेब म्हणले, परत चालायचं का. त्यांनी सहीच्या कागदावर उमटवायला अंगठा पुढं केला.

कंबरेतनं सुई देऊन खालचं आंग बधिर केलं, गोळा बदलला, सिमेंट भरलं. मी थेटरच्या दाराशी उभी व्हते. इतकी वर्षं त्या दारातनं लोकांच्या माणसांला आत-भाईर केलं, पण त्या दिवशी माझंच माणूस आत व्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. आत्याबाई हलंनात. मॅडम गोड बोलल्या, मालक बोलले, साहेब राउंडला येऊन बोलून गेले. नाय म्हंजी नाय. शेवटी साहेबांनी माझ्याकडं बघितलं, म्हणले मावशी, चहा. आता काय सांगू तुम्हाला. साऱ्या दुनियेला उठवणारा माझा चहा, पण ही बाई वीस वर्षं तोच पीत नाय, आन हे साहेबांला कुठं ठावूक. जावंला बोलवावं म्हणलं तर ती घरी. नाय उठल्या तर तसंच पडून ऱ्हाणार, आन पुढचं मला पाठ व्हतं.

मी चहा केला. दोन कप. खिडकीशी ठेवले. पण रोजच्यासारखं माय उठ, असं म्हणायला जीभ रेटंना. मी आपली तिथंच स्टुलावर बसले, माझा कप उचलला आन पीत बसले. भाईर बघत. आल्याचा वास खोलीभर झाला.  माझा अर्धा कप संपला तशी मागनं आत्याबाई बोलल्या.

गया, दुसरा कप कुणाचा.

मी म्हणलं, तुमचा.

त्या म्हणल्या, मग मला धर की.

मी आन मॅडमनी दोन बाजूनं धरलं. पहिल्या पावलाला कळवळल्या, दुसऱ्याला माझ्या दंडात नखं रुतली, चवथ्याला खिडकीची चौकट हाताला लागली. उभ्यानंच कप घेतला, निवलेला चहा, समदा पिल्या. म्हणल्या, साखर कमी टाकतीस तू. मी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले.

घरी नेलं तर जावंनं ओवाळायची तयारी केलती, ताट, निरांजन, आन आपल्या रीतीपरमाणं खाली पाट मांडलेला, भवती रांगोळी. नवा खुबा घेऊन पाटावर बसलं तर गोळा निसटतो, हे तिला काय माहीत. गल्लीतल्या समद्या बाया जमलेल्या. मी वॉकर धरायला मागं व्हते, वरडायला तोंड उघडणार तर आत्याबाई दारातनंच म्हणल्या, पाट उचला, खुर्ची आणा, माझ्या सुनेनं मला खाली बसायला मनाई केलीया, आन तिला त्यातलं कळतंय. माझ्या सुनेनं. साऱ्या बायांसमोर.

त्याला आता दोन वर्षं झाली. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन येतात. मी ड्यूटीवरनं आले की आत्याबाई न्हाणीचं नाव काढत नाय, उलट म्हणतात, आज कितीजणं उठवली. मी आकडा सांगते. मग दोघी चहा पितो, साखर जास्ती टाकून.

माझं बी आता वय झालंय ताई, हाडं कुरकुरत्यात. उद्या माझा खुबा मोडला तर रडत बसू नका. साहेबांकडं न्या, आन दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी चहा ठेवा. मी उठून येते.