पॉइंटनंतरची मी

अगं, परवा लिफ्टचं दार लागता लागता शेजारच्या अनघाचं अर्धंच वाक्य कानावर आलं, ‘ऋताच्या केळवणाला देसाईकाकूंना नाही...’ देसाईकाकू म्हणजे मीच! ऋता तिची भाची, लहानपणी माझ्याकडेच जेवायची. मला घरात बसवेना. विरजणाची वाटी घेऊन पोचले.

अनघा आत होती. तिची नववीतली मुग्धा वहीत गणित मांडत होती.

‘काकू, नेऱ्याच्या खानावळीत हॉलचे पाचशे, ताट सव्वादोनशेला. आई म्हणते, तीन हजारांच्या वर जायचं नाही. म्हणजे पाचशे अधिक सव्वादोनशे गुणिले माणसं, हे तीन हजारांहून कमी किंवा तेवढंच. उत्तर अकरा पॉइंट अकरा. माणूस तुकड्यात येत नाही, म्हणून अकराच. ती नातेवाइकांतच संपली.’

‘आणि पॉइंटनंतरची मी का गं?’

‘कार्टे!’ अनघा धावत बाहेर आली.

मुग्धा शांतपणे म्हणाली, ‘आई, अकरा ताटांनंतर पंचवीस रुपये उरतात. त्यात एक मसाला पान बसतं.’

म्हणजे ऐकलेलं निम्मंच खरं निघालं. ताटाला मी नव्हते, पानाला होते. आणि केळवणाच्या दिवशी त्यातलंही अर्धं ऋताने खाल्लं.