तीन पंखे आणि नवरीचा बाप

प्रोसेसरवर कुठला पंखा बसवायचा ते मला विचारू नका, माझंच डोकं तापतं. डिचोलीत माझं लग्नाचे व्हिडिओ करून द्यायचं दुकान. नवा प्रोसेसर घातला आणि त्यावर जुनाच बारका पंखा ठेवला. व्हिडिओ तयार व्हायला लावून जेवायला गेलो, परत येतो तर कॉम्प्युटर तापून बंद. चूक माझीच, म्हणून पणजीहून मोठा पंखा आणला. मी समोर असलो की झकास चाले, जेवून आलो की बंद. तिसरा पंखा विटेएवढा होता, तरी तेच. इकडे व्हिडिओ मागायला नवरीचा बाप रोज दुकानात येऊन बसायला लागला.

एक दिवस अर्ध्या जेवणावरून उठून आलो. मी नसताना दुकान बाबा सांभाळतात. त्यांनी तीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला. ते चालू कॉम्प्युटरवर ताडपत्री घालून दोरी आवळत होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

"रस्त्यार धूळ बघ कितकी आसा."

"मग मला ही ताडपत्री कधी दिसली कशी नाही?"

"कॉम्प्युटर बंद पडलो की मी ती काढतंय. उभ्या गाडीर ताडपत्री कोण ठेवता?"