टांग उचलायचं काम

मी रमशीला, माहेर सालेकशाच्या पल्याड जंगलाकडं, सासर इथंच या धानाच्या बांध्यायमंधी. चालाले लागली तवापासून मोहा येचला, तेंदूपत्ता तोडला, अन् धानाचा रोवणा त काय सांगू तुम्हाले, वीस बायायची रांग अन् काठावर मी. काठावरची बाई जशी मांगं सरकते तशी अख्खी रांग सरकते, चिखलात, वाकून, उलट्या पायानं. थो काठ कोनाले असाच भेटत नाही.

परसाल रोवण्यात पऱ्ह्याची, धानाच्या रोपायची, पेंढी घ्याले वळली, पाय चिखलात रुतलेलाच राहिला अन् मी वरून फिरली. उजव्या गुडघ्यात कट्ट झालं. गुडघा सुजला, सासूबाई म्हने हळद-चुना लाव, घरवाला म्हने लचकला असन, चाल, चाललं की मोकळा होते. आठ दिवस चालली बाप्पा, रडत चालली. मंग एकटीच रेल्वेत बसून गोंदियाले गेली. डॉक्टर म्हने हाड चांगलं हाये, आतला लिगामेंट तानला. तिथं कसरत शिकवणारी एक पोरगी, हिंदीत बोले, मौसी, टांग सीधी रखो, दस तक गिनो. गुडघ्याखाली टावेलाची वळकटी ठेवून दाबायचं, टाच घासत आणायची, टांग सरळ वर उचलून धरायची. कागद देल्ला, त्याच्यावर हाफपँटवाला मानूस सोफ्यावर पडून हाये. आमच्या घरी सोफा कुठला, मी पडवीत चटई हातरली.

बस, तिथूनच सुरू झालं. जो येईल थो हासे. घरवाला म्हने, दिवसभर बांधीत खपतेस, थीच कसरत नाही का? काऊन बा? याच मानसाचा मंडईत, गावच्या जत्रेत, कबड्डी खेळता खेळता पाय मुरगळला होता, तवा दोन महिने खाटेवर होता, पान्याचा गिलास मी हातात देल्ला, कोनी हासलं का? मानसाचा पाय दुखला त दुखनं, बाईचा दुखला त नखरे. मले आजबी राग येते, सांगताना येते.

दिवाळीनंतर गावची मंडई आली, घरी पाहुनेच पाहुने. सासूबाईनं चटईच गुंडाळून कोठीच्या मांगं ठेवली, म्हने पाहुन्यायसमोर सून टांगा वर करून पडते, बरं दिसते का? दुखनंबी राहिलं नव्हतं, मी म्हटलं जाऊ द्या, झाली बरी. थीच माही चूक. उन्हारी धानाच्या रोवण्यात काठावर उभी झाली अन् मांगं सरकता सरकता गुडघ्यानं दगा देल्ला, चिखलात बसलीच मी. दुसऱ्या दिवशी काठ दुसरीले देल्ला. अन् घरी काय म्हनतेत, पाहा, कसरतीनं काही झालं का? अरे, तुम्ही करू देल्ली कुठं!

पुन्हा गोंदियाले गेली. पोरगी चिडली माह्यावर. म्हने, मौसी, दर्द गया, ताकत कहाँ आई? मंग मी कोठीच्या मांगून चटई काढली. आता एका पायावर उभं राहायचं, अन् हळूहळू उलटं चालायचं. उलटं चालायचं म्हटल्यावर मले हासूच आलं, जलमभर दुसरं केलं काय? पन तिनं सांगितल्यापरमानं, एकेक पाय तोलून, महिन्यावर महिने केलं. एक दिवस चुकवला नाही.

औंदाच्या रोवण्यात घरवाला म्हने, तू धुऱ्यावर, बांधावर बसून राय, पेंढ्या मोज. मी म्हटलं मोजाले तुम्ही बसा. सरळ काठावर गेली. अख्खी बांधी सरकली मी, एकदाबी गुडघा लटपटला नाही. दुपारी बाया शिदोरी सोडून राहिल्या तवा मी धुऱ्यावर आडवी झाली अन् टांग उचलली, सगळ्यायसमोर. हासल्या. हासा म्हटलं.

तुमचे गुडघे देव सलामत ठेवो, पन दुखनं गेलं म्हनून सोडू नका. अन् थोडं सरका, चटईच्या कोन्यावर बसलात तुम्ही, माहा पाय टेकत नाही. आता घरातून चहा चहा करून आवाज देऊन राहिले, आयकलं ना? देऊ द्या. त्यायलेच मांडू द्या, साखर चुलीजवरच हाये. माहे अजून दहा राहिले.