बाबांनी एजंट तपासला

एजंटचं नाव आमच्या घरात काढायचं नाही, कारण सांगतो. मी इथे कॅनडात, सरे शहरात बेसबॉल खेळायचो, पिचर होतो, म्हणजे बॉल टाकणारा. बारावीत असताना एक खराखुरा एजंट घरी आला. त्याने मला घेतलं असतं, तर मोठ्या टीम्सनी निदान बघितलं तरी असतं. पण बाबांनी त्याला मुलीसाठी आलेल्या स्थळासारखं तपासलं.

"घर स्वतःचं की भाड्याचं?"

"कॉन्डो आहे, सर."

"ड्रिंक्स?"

"कधीतरी."

मी म्हटलं, "बाबा, तो माझ्याशी लग्न नाही करणारे."

"तू गप रे. बरं, तुमचा डिव्होर्स का झाला?"

एजंटने पोह्यांची प्लेट खाली ठेवली, शूज घातले आणि गेला. नंतर फोनही उचलला नाही.

माझ्या टीममधल्या हॅरीचे वडील तेव्हा शेजारीच बसले होते. ते बाबांना म्हणाले, "भाईसाब, आप तो बड़े सख़्त आदमी हो. हमारे हॅरी का काम आप ही देख लो."

बाबांनी खरंच बघितलं. हॅरीला एका मोठ्या टीमने साइन केलं. बाबांनी नोकरी सोडली आणि स्वतःच एजंट झाले.

परवा बाबा मी काम करतो त्या पेंटच्या दुकानात आले, त्यांच्या नव्या ऑफिससाठी रंग घ्यायला. मी विचारलं, "बाबा, माझ्यासाठी का नाही बोललात कुणाशी?"

"अरे, घरच्याच मुलासाठी शब्द टाकायचा? बरं दिसतं का ते?"

मी डबे काउंटरवर ठेवले.

"तुझा स्टाफ डिस्काउंट लावतोयस ना?"